विषयसूची आणि शोधयंत्र

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो ह्या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची विषयवार सूची रचण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘याहू’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. सूचीत स्थळाचा विषय मनुष्य ठरवी व त्यास वर्गात स्थान देई. उलटपक्षी, १९९५ च्या डिसेंबरात अवतरलेले ‘अल्टाव्हिस्टा’ हे शोधयंत्र पानांतील शब्द टिपून ठेवी. सूची अर्थावर उभी होती, यंत्र शब्दरूपावर. १९९८ साली आलेल्या ‘गूगल’ने दुव्यांवरून पानांची प्रतिष्ठाही मोजली. स्थळांची वाढ संपादकांच्या आवाक्याबाहेर गेली. २०१४ च्या अखेरीस याहूची, तर २०१७ साली ‘डीमॉझ’ची सूची बंद झाली. शोधास वेग लाभला. परंतु ज्यास नेमका शब्द ठाऊक नाही, अशा जिज्ञासूस विषयाचा विस्तार दाखविणारी वाट मात्र मोडली.