रुळांवरची छोटी मोटार

मुंबईहून पुण्याकडे आगगाडीनें जातांना मार्गाच्या कडेला उतरवून ठेवलेली एक छोटी ट्रॉली पुष्कळांच्या नजरेस पडलेली असते. तिच्यावर एक बांक. शेजारीं मार्गाचे तपासणीस आणि घाम पुशीत उभे असलेले ट्रॉलीवाले. गाडी निघून गेली कीं ट्रॉली पुन्हां रुळांवर चढते आणि हे लोक रुळाच्या अरुंद माथ्यावरून अशा सफाईनें धावतात कीं, डोंबाऱ्यानेंहि मान डोलवावी. या ट्रॉलीच्या अमेरिकन भावंडाची कथा मोठी मौजेची आहे. पण ती निव्वळ मौजेची नाहीं.

मिशिगन संस्थानांत थ्री रिव्हर्स नांवाचें गांव आहे. तेथील जॉर्ज शेफील्ड नांवाच्या गृहस्थानें १८७७ सालीं घरापासून कामावर जाण्यायेण्यासाठीं एक तीनचाकी गाडी तयार केली. दोन चाकें एका रुळावर, तिसरें लहान चाक तोल सांभाळण्यापुरतें दुसऱ्या रुळावर, आणि गति हातापायांच्या जोरावर! रेल्वेची परवानगी अर्थातच नव्हती. असें सांगतात कीं, एका रात्रीं त्याला तुटलेला रूळ दिसला. येणाऱ्या गाडीला इशारा द्यावा, तर स्वतःची चोरी उघडकीस येणार. त्यानें इशारा दिला. कंपनीनें शिक्षा करण्याऐवजीं तशाच गाड्यांची मागणी केली, म्हणतात. कथेंत भर किती पडली असेल ती असो. १८७९ सालीं त्यानें या गाडीचें पेटंट मिळविलें, एवढें निश्चित.

रुळांची निगा राखणाऱ्या गँगच्या वांट्याला मात्र बरींच वर्षें हाताच्या दांड्यानें चालणारी गाडीच होती. दिवसभर स्लिपर बदलावे, खिळे ठोकावे, खडी भरावी आणि संध्याकाळीं थकल्या हातांनीं दांडा खालींवर करीत घरीं यावें, असा तो क्रम होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं मिनेसोटांतील फेअरमाँट गांवच्या कारखान्यानें या गाड्यांना पेट्रोलचें लहानसें यंत्र जोडलें, आणि कामगारांच्या संध्याकाळी त्यांना परत मिळाल्या.

हें यंत्र फार साधें होतें. एकच सिलिंडर, त्यावर पाण्याची टांकी, आणि आंसाला फिरविणारा एक पट्टा. मागें जाण्यासाठीं वेगळी दांतेरी चक्रेंहि नसत! यंत्र थांबतां थांबतां चालकानें ठिणगीची वेळ बदलावी, कीं तें उलट दिशेला फिरूं लागे. सुरू करण्यासाठीं पुष्कळदां गँगनेंच गाडी ढकलीत धांवावें आणि यंत्र फटफटूं लागतांच टुणकन् वर उडी मारावी. त्या आवाजावरूनच तिला ‘पट्-पट्’ असें लाडकें नांव पडलें.

पण याच गाडीनें अनेकांचे प्राणहि घेतले. तिच्यामुळें सिग्नल भलतेच बदलूं नयेत म्हणून तिच्या चाकांतून विजेचा प्रवाह जाऊं नये, अशी व्यवस्था केलेली असे. परिणामीं सिग्नलच्या दृष्टीनें मार्ग मोकळा, आणि त्यावर माणसें भरलेली गाडी! मुकादमाच्या हातीं सकाळीं त्या दिवशींच्या गाड्यांची यादी येई. पण यादींत नसलेली एखादी मालगाडी धुक्यांतून वा वळणावरून अकस्मात् पुढें उभी राही. मग दांडे ओढून गाडीचें एक टोक उचलायचें आणि तिला मार्गाबाहेर फिरवायचें. हें काम कांहीं क्षणांत उरकावें लागे. वळणाअलीकडे यंत्र बंद करून कान देणारा मुकादम भित्रा नव्हे. त्याला घरीं परत जायचें असे.

पुढें रस्त्यावर धांवणाऱ्या मोटारींनाच खालीं सोडतां येणारीं लोखंडी चाकें बसविण्यांत आलीं. १९८० नंतर जुन्या गाड्या झपाट्यानें निकामी ठरूं लागल्या आणि मोडीच्या भावांत विकल्या गेल्या. त्या घेणारे हौशी लोक निघाले. त्यांत निवृत्त रेल्वे कामगार आहेत. कोणाचा बाप, तर कोणाचा आजा गँगवर होता. उत्तर अमेरिकेंत ‘नार्कोआ’ नांवाची त्यांची संघटना आहे. सभासदाला नियमांची परीक्षा द्यावी लागते, गाडीची तपासणी होते, विमा उतरावा लागतो. मार्गाच्या मालकाची परवानगी घेऊनच सफर निघते. मनास येईल तेव्हां एकट्यानें रुळांवर गाडी घालणें हा तेथें गुन्हा आहे. शेफील्डचें धाडस आज कोणी खपवून घेणार नाहीं.

चाकांतील ती जुनी अडचण मात्र अजून सुटलेली नाहीं. रस्त्याच्या फाटकावर यांच्यासाठीं दांडा खालीं येत नाहीं. म्हणून पुढच्या गाडींतील माणूस उतरतो, झेंडा दाखवून रस्त्यावरची रहदारी थांबवितो आणि सगळी माळ पार होते. प्रवासाच्या शेवटीं पुष्कळजण गाडीखालचा जॅक सोडून ती जागच्या जागीं वळवितात. शेवटची गाडी परतीच्या वाटेवर पहिली होते आणि झेंड्याची पाळी तिच्या माणसांवर येते.