कोर्टाच्या पायरीअलीकडे

1953 सालच्या मे महिन्यात गुहागरजवळ पालशेतच्या पुळणीवर एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. अकरा तास टॅक्सीचा प्रवास घडवून त्यास पुण्याच्या इस्पितळात आणले, आणि 9 मे रोजी तेथेच त्याचा अंत झाला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द उमटला तो 1968 साली. भरपाई ठरली तीन हजार रुपये. डॉक्टराचे कर्तव्य कोणते, याविषयी हा निकाल आजही प्रमाण मानतात. पण पंधरा वर्षे लढण्याचे बळ कितीजणांत असते?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत. सार्वजनिक काकांनी पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग केला तो याच जाणिवेतून. पुढे 1982 साली गुजरातेत उना येथे लोकअदालत भरली, 1987 साली तिला कायद्याचा आधार मिळाला, आणि 2002 च्या दुरुस्तीने ‘स्थायी लोकअदालत’ आली. टपाल, वीज, पाणी यांच्या जोडीला इस्पितळे व दवाखाने यांची सेवाही तिच्या कक्षेत घेतली गेली.

या शेवटच्या शब्दांचे मोल मला फार वाटते. ग्राहक कायदा इस्पितळांस लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ठरविले खरे. पण जेथे सर्वांवरच फुकट उपचार होतात ती इस्पितळे त्यातून वगळली. म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही, त्यालाच तो दरवाजा बंद! स्थायी लोकअदालतीच्या व्याख्येत मोबदल्याचा उल्लेखच नाही.

हरियाणात पंचकुला येथे असे पीठ आहे. चंडीगडास आपले नाव देणारे चंडीमंदिर याच जिल्ह्यातले. सैन्याच्या पश्चिम विभागाचे मुख्यालयही तेथेच. त्या परिसरातील एखाद्या कुटुंबाची शहरातल्या दवाखान्याविषयी तक्रार असेल, तर वाद कोर्टात जाण्यापूर्वी साध्या अर्जाने तो येथे मांडता येतो. कोर्ट फी नाही. आधी समेटाचा यत्न होतो. तो फसला तर तिघांचे पीठ स्वतःच निर्णय देते. एक कोटी रुपयांपर्यंतचे वाद 2015 पासून येथे चालतात.

मात्र या निर्णयावर अपील नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरविली, तरी मला येथे थोडी धास्ती वाटतेच. समोर इस्पितळाचा वकील आणि इकडे घरातला माणूस गमावलेली बाई. तडजोडीच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तिला तो कोणी नीट वाचून दाखविला पाहिजे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो.