करंज नावाच्या दोन पाणबुड्या

पनवेलहून उरण ओलांडून पुढे गेले की करंजा लागते. रेवसला जाणारी लाँच आणि मासेमारीच्या होड्या यांसाठी हे बंदर परिचित आहे. रशियन बनावटीच्या एका पाणबुडीने याच बेटाचे नाव जवळजवळ ३४ वर्षे वागवले. सप्टेंबर १९६९ मध्ये नौदलात आलेली 'आयएनएस करंज' ऑगस्ट २००३ मध्ये निवृत्त झाली. १९७१ च्या युद्धात तिचे नेतृत्व कमांडर विजयसिंह शेखावत यांच्याकडे होते. त्यांना वीरचक्र मिळाले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले.

या करंजची प्रतिकृती करू पाहणाऱ्याची पहिली फसगत नावातच होते. शोध घेतला की समोर येते ती १० मार्च २०२१ रोजी सेवेत आलेली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी करंज. तिचा आराखडा फ्रेंच, 'स्कॉर्पीन' वर्गाचा. खांदेरी आणि कलवरी यांचेही तेच. जुने नाव नव्या पाणबुडीला देण्याची नौदलाची परंपरा सुंदर खरी, पण छायाचित्रांच्या ढिगात त्यामुळे दोन पिढ्यांची सरमिसळ होते.

जुनी करंज 'प्रोजेक्ट ६४१' मालिकेतली. नाटोने या मालिकेला 'फॉक्सट्रॉट' म्हटले. लांबी सुमारे ९१ मीटर, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या, तळाशी तीन प्रोपेलर. १:३५० प्रमाणात ती साधारण २६ सेंटिमीटर भरते.

या मालिकेची काही उत्तम जुनी छायाचित्रे सोव्हिएत नाहीत, अमेरिकन आहेत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगात 'बी-५९' ला पृष्ठभागावर यावे लागले आणि अमेरिकन नौदलाने तिला टिपले. बांधणाऱ्यांनी जे दडवले, ते पाठलाग करणाऱ्यांनी जपून ठेवले! परंतु त्या चित्रांत दिसतो तो मनोरा आणि वरचा भाग. पाण्याखालचे अंग नाही. कॅलिनिनग्राडच्या संग्रहालयातली 'बी-४१३' देखील पाण्यातच उभी आहे.

तळासाठी मग विशाखापट्टणम गाठावे लागते. करंजनंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आलेली तिची बहीण 'कुरसुरा' २००२ पासून तिथल्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. संपूर्ण देह जमिनीवर, त्यामुळे शेपटाकडची ठेवणही नीट पाहता येते. अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

तरीही कुरसुरा म्हणजे १९७१ ची करंज नव्हे. प्रेक्षकांसाठी तिच्या कुशीत दारे कापली आहेत, जिने जोडले आहेत, आणि खाऱ्या वाऱ्यामुळे संग्रहालयाला तिची रंगरंगोटी करावीच लागते. प्रतिकृतीकाराने तिच्याकडून आकार घ्यावा, रंग मात्र घेऊ नये. रंगासाठी आणि बारीक फेरफारांसाठी त्या काळातले, तारीख नोंदलेले छायाचित्रच हवे, मग ते कृष्णधवल आणि अस्पष्ट का असेना.