अर्धायुष्याचा हिशेब

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर सरकारी रुग्णालयात फुकट उपचार होतात, असे आपण सहज म्हणतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या बाईच्या दृष्टीने हा शब्द कितपत खरा आहे? हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

या रोगावर सुरुवातीच्या काळात रेडियमचे किरण वापरत. रेडियमचा शोध १८९८ मधला. ते इतके महाग होते, की १९२१ साली अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी जमवून मेरी क्यूरींना दिलेल्या १ ग्रॅम रेडियमची किंमत १ लाख डॉलर होती. मात्र रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. एकदा घेतलेली सुई वर्षानुवर्षे वापरता येई. पण तिच्यातून रेडॉन वायू गळण्याची भीती असे आणि हाताळणाऱ्यांनाही किरणांचा धोका असे.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या यंत्रांनी उपचार सुरू झाले. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. वर्गात आपण क्षयाचा आलेख काढतो. रुग्णालयात तोच आलेख रांग लांबवतो. आज एका रुग्णाला २ मिनिटे लागत असतील, तर सव्वापाच वर्षांनी तेवढ्याच मात्रेसाठी ४ मिनिटे लागतात. शरीराच्या आतून किरण देण्यासाठी वापरतात त्या इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य तर फक्त ७४ दिवस. दर काही महिन्यांनी नवा स्रोत आणावाच लागतो. यंत्राचे उद्घाटन एकदाच होते, स्रोताचे बिल मात्र येतच राहते. सार्वजनिक रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात हा खर्च दरवर्षी धरावा लागतो, तो याचसाठी.

कोल्हापूरला संस्थानकाळापासून मोठे रुग्णालय आहे. तेव्हाचे आल्बर्ट एडवर्ड, आजचे सीपीआर. पण कर्करोग म्हटले की अनेक वर्षे लोकांच्या तोंडी नाव येई ते मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे. ते १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. कोल्हापूरहून अंतर सुमारे ४०० किलोमीटर. पुढे राज्य सरकारने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. २०१२ मध्ये तिला विमा योजनेचे रूप मिळाले आणि २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव. ठरलेल्या उपचारांचे पैसे थेट रुग्णालयाला मिळू लागले. ही मोठीच सोय झाली.

तरीही एक हिशेब उरतो. बाहेरून किरण द्यायचे तर साधारण २५ वेळा, आठवड्यातून ५ दिवस, ५ आठवडे जावे लागते. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर. रोज ये-जा अशक्य. समजा, बाई आणि सोबतचा माणूस यांची मजुरी प्रत्येकी ३०० रुपये आणि दोघांचा राहण्या-जेवणाचा खर्च दिवसाला २०० रुपये. २५ दिवसांचे २०,००० रुपये झाले. यात सुटीचे दिवस, घरी राहिलेली मुले, विकलेली शेळी धरलेली नाही. उपचार अर्ध्यावर सुटतात त्यामागे पुष्कळदा हेच गणित असते.

मग खर्च कुठे करावा? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात ८ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. कारण आपल्याला मिळालेल्या ज्ञानाची किंमत त्या स्त्रियांनीही मोजली आहे.

ते ज्ञान आता हाताशी आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लसही आहे. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. या मुली आपल्या वर्गात बसतात आणि त्यांच्या आया तपासणीच्या वयाच्या आहेत. अर्धायुष्याचा धडा शिकवताना वरचे गणितही फळ्यावर मांडावे, असे आम्हाला वाटते.