एक्स-१५ : शेवटची पाच मिनिटं

१५ नोव्हेंबर १९६७, सकाळी नवानंतर. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून बी-५२ विमान उडतं. त्याच्या पंखाखाली तिसरं एक्स-१५ रॉकेट-विमान, आत मेजर मायकेल अ‍ॅडम्स. तीन एक्स-१५ पैकी याच विमानात हनीवेलची एमएच-९६ नियंत्रण प्रणाली आहे. हवा दाट असो की नसल्यात जमा, विमान हाताला सारखंच लागावं म्हणून ती आपला ‘गेन’, म्हणजे चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं ते, स्वतःच ठरवते. रीत धाडसी : विमान थरथरायच्या बेतात येईपर्यंत गेन वाढवायचा, थरथर दिसली की उतरवायचा.

१०.३०. नेवाडातल्या डेलामार या कोरड्या तळ्यावर, ४५,००० फुटांवर विमान सुटतं. रॉकेट पेटतं. ८५,००० फुटांच्या पुढे विजेचा गोंधळ होतो, नियंत्रण जरा ढिलं पडतं. राखीव व्यवस्था आहे. अ‍ॅडम्स चढत राहतो. कॅमेऱ्यासाठी पंख डोलवायचे असतात, ते ठरल्याच्या दुप्पट-तिप्पट डोलतात.

१०.३३. २,६६,००० फूट. नाक मार्गापासून १५ अंश वळलेलं. समोरच्या काट्यावर कलण्याचं माप होतं, ते अ‍ॅडम्सने बाजूला घसरण्याचं समजून वाचलं असावं. नियंत्रणकक्षात विमानाची दिशा दिसायची सोयच नाही. खालून नियंत्रक पीट नाइट सांगतो : थोडा वर आहेस, बाकी उत्तम.

१०.३४. “पीट, मी स्पिनमध्ये आहे.” ध्वनीच्या पाचपट वेगात भोवऱ्यासारखं फिरणारं विमान सावरायचं कसं, हे कोणत्याच पुस्तिकेत नाही. तरीही १,१८,००० फुटांवर ते सावरतं! उलटं, नाक खाली, पण सावरलेलं.

इथे ते वाचायला हवं होतं. उंची होती. पण नेमकी आता एमएच-९६ स्वतःच हेलकावू लागते. हवा दाट होत चालली, म्हणजे गेन उतरवायची वेळ हीच. हेलकाव्यांमुळे तो उतरतच नाही. नाक वर-खाली आपटत राहतं, दर फेरीला जास्त.

६५,००० फुटांच्या आसपास, उभ्या दिशेत १५ जीहून जास्त भार येतो आणि विमान हवेतच फुटतं.

चौकशी मंडळाने बोट मुख्यतः वैमानिकाकडे दाखवलं. मला ते अर्धंच पटतं. शिफारशी मात्र नेमक्या होत्या : वैमानिकांची भोवळीसाठी तपासणी करा, आणि विमानाचं नाक कुठे आहे ते खालच्या खोलीतही दिसू द्या.