पट मोजून शाळा कापण्याची जुनी रीत



शिक्षणाचा पैसा कापला अशी घोषणा आपल्याकडं कुठलंच सरकार करत नाही. कापतात ते पट मोजून. कुठल्या शाळेला किती मास्तर द्यायचे हे ज्या कागदावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. बारामती-इंदापुरात या एकाच कागदाचे दोन उलटे परिणाम दिसतात. ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. तेव्हा शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड घेतला जायचा, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. फुल्यांची तक्रार सरळ होती: महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शाळेच्या मास्तरला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. पुढं १९११ ला गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते वर्षभरात ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

आता आपल्या भागाकडं या. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास झाला. पाणी आलं, मागोमाग ऊस आला आणि माणसं गावठाण सोडून रानात राहायला गेली. सणसर, लासुर्णे पट्ट्यात आजही गावापेक्षा वस्त्याच जास्त दिसतात. एकेका आडनावाची एकेक वस्ती. म्हणून शाळाही वस्तीवर गेल्या आणि त्यांचा पट कायम थोडाच राहिला. तो मास्तरच्या नाकर्तेपणाने कमी नाही हो, कालव्यामुळं कमी आहे! मंत्रालयातल्या टेबलावर मात्र ती शाळा ‘कमी पटाची’ एवढीच ओळख.

२००० साली शिक्षणसेवक आले. प्राथमिकला महिना ३००० रुपये, तेही तीन वर्षं. फुल्यांच्या १२ रुपयांशी कुणी ताडून बघितलं असेल असं वाटत नाही. २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायदा चांगला, पण २०१२ च्या मे महिन्यात राज्यात शिक्षकभरतीच बंद केली. पवित्र पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात निवृत्त होणारे होतच राहिले.

मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय. सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक शून्य. शून्य! त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनाला, आणखी एक निर्णय निघाला: २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा १५ हजारांच्या कंत्राटी माणसाने भरायची. शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले.

वस्तीवरच्या शाळेत याचा अर्थ काय होतो? मास्तर पाचवीला भागाकार घालून देतो आणि पाचवीतली एखादी हुशार मुलगी पहिलीच्या पोरांना बाराखडी गिरवायला लावते. ही युक्तीही नवी नाही. १७९० च्या दशकात मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी पोरांकडून पोरांना शिकवून घेतलं आणि स्वस्त पडतं म्हणून ती पद्धत विलायतेत उचलली गेली. फक्त त्या हुशार मुलीचा स्वतःचा भागाकार कोण बघणार, हे कुणी विचारत नाही.

एमआयडीसीच्या कडेला चित्र उलटं. मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची पोरं वर्षभर कधीही दाखल होतात. वर्ग भरून वाहतो, पण संचमान्यतेत मोजली जातात ती आधार जुळलेली मुलं. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, की पोरगं बाकावर बसलेलं असूनही कागदावर नसतं. म्हणजे इथं मास्तर कमी पडतो तो पट जास्त असूनही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं प्रयोग झाला: १३ ते १७ मुलांच्या वर्गातली पोरं २२ ते २५ च्या वर्गापेक्षा वाचनात, गणितात पुढं गेली, आणि गरिबाघरच्या पोरांना फायदा अधिक झाला. आपल्याकडं २५ चा वर्ग म्हणजे चैनच म्हणायची.

पालकांनी पोरं इंग्रजी शाळेत नेली म्हणून पट घटला, असंही सांगतात. खरं आहे, काही अंशी. पण मास्तर नाही म्हणून पोरं गेली आणि पोरं नाहीत म्हणून मास्तर गेला, यात आधी काय झालं ते गावोगावी वेगळं निघेल.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडं दोन कागद मागा: हजेरीपत्रक आणि संचमान्यता. दोन्हींतले आकडे वेगळे निघाले तर फोटो काढून मला पाठवा.