जस्तलेपित पत्रा

पोलादाच्या पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्ताचा थर देऊन गंजरोधक केलेला पत्रा. बाजारात याला ‘जीआय पत्रा’ म्हणतात. तप्त जस्तात बुडवून लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने 1837 मध्ये घेतले. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर व मुरबाड तालुक्यांत, घरे, गुरांचे गोठे आणि कोंबड्यांच्या शेड यांवर कौलांची जागा बऱ्याच प्रमाणात या पत्र्याने घेतली आहे.

असा पत्रा बनवणारा मोठा कारखानाही याच भागात आहे. जिंदाल समूहाने 1982 मध्ये तारापूरची पिरामल स्टील ही कंपनी घेतली आणि त्यानंतर लवकरच मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील वासिंद (ता. शहापूर) येथे प्रकल्प उभारला. जस्तलेपित आणि रंगीत पत्र्यांचे हे केंद्र आता जेएसडब्ल्यू समूहाकडे आहे.

अशा कारखान्यात पत्र्याची गुंडाळी उलगडून अखंड पट्टा पुढे सरकत राहतो. एका गुंडाळीचे शेपूट दुसरीच्या तोंडाला वेल्डिंगने जोडतात, म्हणजे काम थांबत नाही. अल्कलीने तेल-मळ धुतल्यावर पट्टा हायड्रोजन व नायट्रोजन भरलेल्या भट्टीतून जातो. तिथे पोलाद मऊ होते आणि पृष्ठावरचे ऑक्साइड निघून जाते. ही सफाई नीट झाली नाही तर पुढे लेप धरतच नाही. मग पट्टा सुमारे 460 अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडतो आणि सरळ वर येतो. वर येतानाच हवेच्या पातळ, जोरकस झोताने जादा जस्त निपटून काढतात. लेपाची जाडी ठरते ती इथे. थंड होताना जस्ताचे स्फटिक फुलांसारखे उमटतात. ठळक फुलांचा पत्रा भारी, असे गिऱ्हाईक मानते. पण फुलांवरून लेपाची जाडी मुळीच कळत नाही.

जस्त दोन प्रकारे राखण करते. हवेत त्यावर कार्बोनेटचे चिवट कवच धरते. शिवाय ओरखडा पडून पोलाद उघडे पडले, तरी लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असलेले जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. स्टेनलेस स्टीलचा मार्ग वेगळा. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असते, त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पडदा पृष्ठावर आपोआप धरतो आणि खरवडला तरी पुन्हा धरतो. वेल्डिंगने तो बिघडला तर आम्लाने धुऊन पूर्ववत करतात. जस्त मात्र एकदा झिजले की झिजले.

म्हणून प्रति चौरस मीटर जस्ताचे वजन हाच खरा निकष. दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम लेप म्हणजे दर बाजूला सुमारे 8 मायक्रॉन. 275 ग्रॅम म्हणजे सुमारे 19. मध्यम गंजक हवेत जस्त वर्षाला साधारण 0.7 ते 2.1 मायक्रॉन झिजते. हिशेब वाचकाने स्वतः करावा. 55 टक्के ॲल्युमिनियम असलेला जस्त-मिश्रलेप साध्या जस्तापेक्षा बराच टिकाऊ ठरतो. रंगीत पत्र्यात रंगाच्या खालीही असाच धातूचा लेप असतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात समुद्राचा खार कमी, पण चार महिने ओल. उघड्या छपरावर पडलेल्या सरी पत्रा धुऊन काढतात आणि तो वाऱ्याने वाळतो. खरे नुकसान होते ते ओल कोंडून राहते तिथे. अंगणात एकावर एक रचलेल्या कोऱ्या पत्र्यांत पाणी शिरले, तर न वापरताच पांढरा गंज चढतो. गोठ्यातला व कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया पत्रा खालून खातो. आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही जस्ताला मारक, त्यामुळे ओल्या सिमेंटचे शिंतोडे लगेच पुसावेत. ग्राइंडरने पत्रा कापताना उडणाऱ्या ठिणग्या लेपात रुतून तांबूस ठिपके पडतात. पत्रा कात्रीने कापावा.

दुकानात बोलणे होते ते गेजचे. गेज पोलादाची जाडी सांगतो, जस्ताची नव्हे. पत्रा घेताना आयएस 277 हे मानक आणि लेपाचे ग्रॅम विचारावेत व बिलावर लिहून घ्यावेत.